एशियन हॉटेलात आठ जणांची ऑर्डर कशी द्यावी

तुमचा प्रश्न असा: सांगलीच्या विश्रामबागेतल्या नव्या एशियन हॉटेलात रविवारी रात्री आठ जण जाणार. सासूबाई शुद्ध शाकाहारी, सासऱ्यांना बीपी, सोबत एक जैन जोडपं, दोन मुलं आणि त्यातल्या धाकट्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. मेनूत थाई, जपानी, कोरियन, चायनीज सगळंच आहे, तर मागवायचं काय?

आधी वेळ बदला. जैन जोडपं सूर्यास्तानंतर जेवत नसेल तर रात्रीचा बेत तसाही फुकट जाईल, आणि आपल्याकडे अशी घरं बरीच आहेत. रविवारी दुपारी साडेबाराला जा. रात्री साडेआठनंतर सगळी सांगली-मिरज एकदमच बाहेर पडते. मेनू कितीही देशांचा असला तरी आत कढया दोन-तीनच असतात. प्रत्येक कढईत एका वेळी एक-दोन प्लेटचाच माल नीट होतो. गर्दीत आचारी चार प्लेट एकत्र टाकतो, मग भाज्यांना पाणी सुटतं, नूडल्स परतल्या जाण्याऐवजी वाफलतात आणि धुरकट खमंग वास येतच नाही. ‘मागच्या वेळी भारी होतं, आज मजा नाही’ असं लोक म्हणतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

आता शाकाहाराचं. ‘हे व्हेज आहे का?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याला उत्तर ‘हो’ असंच येतं, कारण विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला व्हेज म्हणजे चिकनचे तुकडे नसणं एवढंच अभिप्रेत असतं. घटकाचं नाव घेऊन विचारा: यात फिश सॉस आहे का? ऑयस्टर सॉस? कोळंबीची पेस्ट? सूपचा स्टॉक कशाचा? थाई करीच्या तयार पेस्टमध्ये बहुतेकदा सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असते. टॉम यम या आंबट-तिखट थाई सूपमध्ये वरून भाज्या घातल्या तरी त्यातल्या भाजक्या मिरचीच्या पेस्टमध्ये सुकी कोळंबी असू शकते. पॅड थाईत, म्हणजे परतलेल्या थाई नूडल्समध्ये, फिश सॉस ठरलेला. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट, तिच्या सूपचं पाणी बहुतेकदा बोनिटो माशाच्या सुक्या पापुद्र्यांवर केलेलं असतं, आणि पारंपरिक किमचीत, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या कोरियन लोणच्यात, खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. हिरव्या पालेभाज्या परतून देतात त्यावरची चकचकीत सॉस बरेचदा ऑयस्टरची निघते. ऑर्डर घेणारा कॅप्टन आत न जाता ‘सब व्हेज है’ म्हणाला तर ‘किचनमध्ये विचारून सांगा’ असं शांतपणे सांगा. चांगल्या ठिकाणी व्हेज करी पेस्ट वेगळी ठेवतात आणि फिश सॉसऐवजी सोया सॉस वापरतात. तसं असेल तर ते लगेच सांगतात.

सासूबाईंच्या बाबतीत खरा धोका ऑर्डरीच्या आधीच टेबलावर येतो. काही ठिकाणी बसल्याबसल्या वाडगाभर पांढरे, फुललेले, हलके तुकडे ठेवतात, अगदी तळलेल्या कुरडईसारखे दिसणारे. ते प्रॉन क्रॅकर असतात, टॅपिओकाच्या पिठात कोळंबी घालून केलेले. तोंडात टाकल्यावर चवीने चटकन कळत नाही आणि आजी गप्पा मारता मारता चार-पाच खाऊन मोकळ्या होतात. वाडगा आला की आधी विचारा, मगच हात लावू द्या. नूडल्स पिवळ्या दिसल्या म्हणून अंड्याच्याच असतील असं मात्र नाही. रामेन या जपानी सूपातल्या नूडल्स खारामुळे पिवळ्या होतात, पापडाच्या पिठात घालतो त्याच्याच जातीचा हा खार. हक्का नूडल्सच्या पाकिटात अंडं असतंही, नसतंही, म्हणून विचारायचंच.

जैन जोडप्यासाठी शनिवारी फोन करून ठेवा, टेबलावर बसून सांगण्यात अर्थ नाही. लसूण या जेवणात वरून पडत नाही, ती सॉसमध्ये शिजलेली असते. शेजवान सॉस, थाई पेस्ट, मंचुरियनचे गोळे, डिमसमचं (मोमोसारख्या वाफवलेल्या पुरचुंड्यांचं) सारण हे सगळं सकाळीच तयार होतं आणि त्यातून लसूण, आलं, गाजर वेगळं काढता येत नाही. सांगायचं ते असं: धुतलेल्या कढईत, नव्या तेलात, कोबी, सिमला मिरची, बेबीकॉर्न, ब्रोकोली आणि टोफू, फक्त सोया सॉस, व्हिनेगर, मिरपूड, हिरवी मिरची. सोबत साधा जास्मिन भात. सूप हवं असेल तर पाण्यावर केलेलं स्वीटकॉर्न, कांदापात न घालता. मशरूम चालत नाही हे वेगळं सांगा, कारण आचाऱ्याच्या लेखी ती भाजीच. हे जमणार नाही असं फोनवरच म्हणाले तर चांगलंच, दुसरीकडे जाता येईल.

शेंगदाण्याचं प्रकरण मात्र गंभीरपणे घ्या. साते म्हणजे काडीला लावून भाजलेले तुकडे, त्याच्या सॉसमध्ये दाणे वाटलेले असतात, पॅड थाईवर कूट पेरलेलं असतं, काही सॅलडमध्येही असतं. ‘वरून टाकू नका’ एवढं पुरत नाही, कारण तीच कढई आणि तोच डाव फिरत असतो. शिवाय आपल्या भागात तळणीला शेंगतेल सर्रास चालतं, त्यामुळे तळणाचं तेल कोणतं हेही विचारा. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना अ‍ॅलर्जी आणणाऱ्या घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे, एकट्या-दुकट्या हॉटेलाला ती सक्ती नाही. अ‍ॅलर्जी तीव्र असेल तर त्या दिवशी टेबलावर साते आणि पॅड थाई कोणासाठीच मागवू नका आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध पर्समध्ये असू द्या.

सासऱ्यांसाठी अजिनोमोटोची चौकशी सगळे करतात आणि सोया सॉसची बाटली त्यांच्यासमोर सरकवतात, हे उलटं आहे. अजिनोमोटोची चव १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळातून वेगळी काढली. आज तो बऱ्याच ठिकाणी उसाच्या मळीसारखा गोड कच्चा माल आंबवून बनतो, म्हणजे ऊसवाल्या जिल्ह्याने त्याला फार परका मानायचं कारण नाही. त्यात सोडियम वजनाच्या सुमारे १२ टक्के, साध्या मिठात सुमारे ३९ टक्के. उलट एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम, मिठाच्या हिशेबात दोन ग्रॅमहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असा आहे. त्यांना वाफवलेला मासा किंवा डिमसम द्या, सॉस वाटीत वेगळा मागवा, फ्राइड राइसऐवजी साधा भात. सूप एकाच वाटीत बरंच मीठ देऊन जातं, ते टाळलेलं बरं.

आता मुख्य ऑर्डर. सगळं एकदम सांगू नका. एकदम सांगितलं की जे आधी झालं ते आधी येतं, आणि स्टार्टर संपायच्या आत भात टेबलावर गार होतो. पहिल्या फेरीत तीन सूप वन बाय टू (जैन जोडप्याचं एक त्यातच धरा), डिमसमच्या दोन प्लेट आणि एक-दोन कोरडे स्टार्टर. डिमसमच्या प्लेटीत पीस किती ते आधी विचारा. चार असतात, कुठे सहा, आणि आठ जणांत सहा पीस म्हणजे उगाच चुळबूळ. आवरण पातळ, किंचित पारदर्शक आणि ओलसर हवं. कडा वाळलेल्या असतील तर ते आधीच वाफवून ठेवलेले आहेत, परत पाठवायला संकोच करू नका. स्टार्टर अर्धे संपले की दुसरी फेरी: एक नूडल्स, एक फ्राइड राइस, एक थाई करी साध्या भातासह, एक ग्रेव्ही आणि जैन कढईचं ताट. तिखट-सुक्या पदार्थासोबत नारळाच्या दुधाची करी असली की जेवण सावरतं. पिवळी करी सौम्य असते, तिच्यात हळद असते, मुलांना आणि ज्येष्ठांना ती पटते. हिरवी करी तिखट. आणि ‘थोडी तिखट’ म्हणजे किती हे सातारा-सांगलीकराने सांगताना जपून सांगावं. कमी पडलं तर मिरचीची वाटी मागता येते, जास्त झालं तर परत फिरता येत नाही. करीतले गवती चहाचे दांडे, लिंबाची पानं आणि कुलिंजनाच्या चकत्या वासापुरत्या असतात, बाजूला काढायच्या. मुलांना हे आधीच सांगा.

रामेन वाटून खाण्याचा पदार्थ नाही. गरम पाण्यात नूडल्स फुगत जातात आणि वाडगा फिरून तिसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर लगदा होतो. ज्याला हवा त्यानेच एकट्याने मागवून लगेच संपवावा. सुशीत, म्हणजे आंबूस भाताच्या जपानी प्रकारात, काकडी, अ‍ॅव्होकाडो किंवा तळलेल्या कोळंबीचे रोल बिनधास्त घ्या. कच्च्या माशाच्या वाटेला मी सांगलीत जाऊ नका म्हणेन. परजीवी मारण्यासाठी मासा उणे २० अंशांवर सात दिवस ठेवावा लागतो, आणि त्यानंतरही बॅक्टेरियाचा प्रश्न उरतोच. हे सगळं सांभाळल्याची खात्री ताटावर बसून करता येत नाही. कोळंबीबद्दल एवढंच लक्षात ठेवा की १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आणि श्रावणात मांसाहाराची उठाठेव कमी होते. तेव्हा ‘आजची ताजी’ या शब्दावर फार विसंबू नये.

चॉपस्टिक जमत नसतील तर चमचा मागा, त्यात कमीपणा नाही. थायलंडमध्ये भात काटा-चमच्यानेच खातात. फक्त चॉपस्टिक भातात उभ्या खोचून ठेवू नका, जपान-चीनमध्ये तो अंत्यविधीचा प्रकार आहे.

उरलेलं बांधून न्यायचं असेल तर ग्रेव्ही आणि नूडल्स वेगवेगळ्या डब्यांत. सुशी नेऊ नका, फ्रिजमध्ये भात कडक होतो. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलाच पाहिजे. बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढतो आणि त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून जेवून गाडीत डबा ठेवून कृष्णाकाठी फिरायला जाणार असाल तर भात तिथेच सोडा.

बिलात राहायच्या खोल्या नसलेल्या, नुसत्या जेवणाच्या हॉटेलाला जीएसटी पाच टक्के, अडीच-अडीच असा दाखवलेला असतो. छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलाला तो ग्राहकाकडून घेताच येत नाही. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, आपोआप लावला असेल तर काढायला सांगा, नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक बिलावर छापलेला असायला हवा. आणि बसताक्षणी बाटली फोडून दिली तर ‘साधं पाणी द्या’ हे पहिल्या मिनिटालाच सांगा, नंतर आठ जणांच्या बिलात पाण्याचेच एका प्लेटएवढे पैसे निघतात.