जतचा माळ वाळवंट झाला तर मेंढीचं काय होईल?

प्रश्न असा आहे: २० लाख वर्षांत सांगली जिल्ह्यातला जत तालुका पार वाळवंट झाला, तर तिथल्या मेंढीपासून चरणारा कोणता प्राणी घडेल? विचारणाऱ्यांनी चित्रात पसरट खूर आणि पाण्याचं वशिंड असलेला, शे-दीडशेच्या कळपानं राहणारा प्राणी कल्पिलाय.

मी त्याच भागातला, म्हणून आधी खोडरबर घेतो. पाण्याचं वशिंड काढून टाका. उंटाच्या वशिंडातसुद्धा चरबी असते, पाणी नव्हे. पसरट पाय लागतात वाळूला, आणि जतला वाळू येणार कुठून? माती वाहून गेली की उरेल मुरूम आणि काळा दगड. त्यावर शेळीसारखा लहान, टणक खूरच टिकेल.

सुरुवात नाकापासून करा. जत तालुक्यातल्या माडग्याळची माडग्याळी मेंढी पाहिली असेल तर ते बाकदार, पोपटनाक आठवेल. तसल्या नाकाच्या मेंढ्याला लाखांत बोली लागते, ती निव्वळ देखणेपणासाठी. तुमच्या प्राण्यात तेच नाक कामाला जुंपा. आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या वाढवा. आत येणाऱ्या कोरड्या हवेनं त्या गार पडतात आणि बाहेर जाणाऱ्या श्वासातली वाफ त्यांच्यावरच पाणी होऊन अडते. उंट हेच करतो. शिवाय पाणी मिळालं नाही की तो अंग पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरू देतो आणि दुपारी ४० पर्यंत चढू देतो, त्यामुळं घामाची वेळ लांबते.

लोकर मात्र ठेवा. कातरलेला उंट जवळपास दीडपट घाम गाळतो. पाठीवर दाट लोकर, पोटाखाली उघडं अंग आणि चरबी सगळी शेपटीत, म्हणजे बाकीच्या अंगातली उष्णता अडत नाही. चरायचं रात्री, कारण दुपारी कडकडीत असलेलं कुसळी गवत पहाटेपर्यंत हवेतली ओल ओढून घेतं. आणि हो, लांडगा ठेवाच. तो नसेल तर पळायला लागणाऱ्या लांब पायांना कारणच उरत नाही.

खरा पेच वेताचा आहे. आपल्याकडं त्यातल्या त्यात भरवशाचा पाऊस परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. कोकरू तेव्हाच जन्मायला हवं, नाहीतर आईच्या अंगात दुधापुरतंही पाणी नसेल. पण मेंढी गाभण राहते ५ महिने. उलटं मोजा: मेंढा लागणार एप्रिल-मेमध्ये, ऐन उन्हात, जेव्हा त्याचं बीज सगळ्यात कमजोर असतं. उंटीण सुमारे १३ महिने गाभण असते. तुमच्या प्राण्याला ११ महिने दिलेत, तर ऑक्टोबरच्या हिरव्या चाऱ्यावर माज, पुढच्या सप्टेंबरात वेत. त्या वर्षी ती पाजण्यातच गुंतेल, म्हणून दोन वर्षांत एकच कोकरू. तेव्हा चित्रातला शे-दीडशेचा कळप कमी करा, दहा-बाराचा पुरे.