‘धारातीर्थी पडणे’: तलवार नसली तरी?

नागपूरच्या एका शाळेतून प्रश्न आला आहे. फलकासाठी वाक्य ठरले: ‘लान्स नायक अल्बर्ट एक्का गंगासागरच्या लढाईत धारातीर्थी पडले.’ (हे गंगासागर आजच्या बांगलादेशातले, लढाई १९७१च्या भारत-पाक युद्धातली.) त्यावर हरकत निघाली की १९७१ साली तलवारी कुठे होत्या? मग धारा म्हणजे गोळ्यांचा वर्षाव समजायचा का?

तसे समजायची गरज नाही. ही धारा शस्त्राचीच. ‘धारा हेच तीर्थ’ असा समासाचा विग्रह. पात्याची ती धार आणि पाण्याचीही धारच, म्हणून तीर्थाची कल्पना इतकी चपखल बसली. ‘तीर्थी’ ही सप्तमी आहे. ‘धारातीर्थ पडले’ असे लिहू नये. ‘धारातीर्थी पडून मरण पावले’ ही तर द्विरुक्ती, कारण ‘पडणे’मध्येच मरण आले.

आता एक्कांचे पाहा. ते १४ गार्ड्सचे, म्हणजे आपल्या कामठीत जिचे केंद्र आहे त्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटच्या चौदाव्या बटालियनचे. गंगासागरच्या हल्ल्यात एका बंकरमधली लाइट मशीनगन त्यांच्या कंपनीचे सैनिक टिपत होती. एक्का थेट बंकरवर धावून गेले, संगिनीने दोघांना मारले आणि ती गन बंद पाडली. स्वतः गंभीर जखमी होऊनही ते पुढे लढत राहिले. नंतर एका भक्कम इमारतीच्या वरच्या मजल्यावरून मीडियम मशीनगन सुरू झाली. ते सरपटत तिथवर गेले, बंकरमध्ये हातबॉम्ब टाकला. तरी गन थांबेना, तेव्हा बाजूच्या भिंतीवर चढून आत शिरले आणि उरलेल्या शत्रूला संगिनीने संपवले. या जखमांनीच त्यांना मरण आले. संगीन म्हणजे रायफलीच्या नळीला लावलेले पातेच. हा शब्द इतका अक्षरशः लागू पडावा असे वीर फार थोडे. नुसत्या गोळीने कोणी पडला असता तरी हा शब्द चाललाच असता. ‘शस्त्र खाली ठेवले’ म्हणताना आपण तरी कुठे शस्त्राचा प्रकार विचारतो?

मर्यादा वेगळीच आहे: समोर शत्रू हवा आणि झुंज चालू हवी. सियाचीनमध्ये हिमकडा कोसळून जवान गेला, तर ‘कर्तव्य बजावताना मृत्यू’ लिहावे. त्याने त्याचा मान तसूभरही कमी होत नाही.

फलकावर ‘परमवीर चक्र विजेते’ मात्र नको. ती स्पर्धा नव्हती. त्यासाठी मराठीत ‘मानकरी’ हा नेमका शब्द आहे, आणि ‘मरणोत्तर’ हे विशेषण चक्राजवळ लिहावे: ‘परमवीर चक्राचे (मरणोत्तर) मानकरी लान्स नायक अल्बर्ट एक्का, १४ गार्ड्स, डिसेंबर १९७१मध्ये गंगासागर येथे धारातीर्थी पडले.’