पैशाचं बोलूया: अनुदान आलंय, आता आधी कुणाला द्यायचं?

प्रश्न : आमची 5 एकर जिरायत, लातूर जिल्हा. 2025 च्या सप्टेंबरातल्या पावसात सोयाबीन सगळं पाण्यात. आता अनुदानाचे 17 हजार आणि रब्बीसाठीचे 20 हजार असे 37 हजार खात्यावर जमा झालेत. कृषी केंद्राची उधारी 22 हजार, गावातल्या एकाकडून घेतलेले 30 हजार शेकडा 3 नी, आणि बँकेचं पीक कर्ज 80 हजार. मालक म्हणतात दुकानदाराला सगळे देऊन टाकू, तो रोज फोन करतो, चारचौघांत बोलतो. मला ते पटत नाहीये पण नेमकं काय करावं तेही सुचत नाही.

उत्तर : ताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे द्यायचे असं आपल्याकडे सर्रास होतं, आणि शेकडा 3 वाला गप्प बसलेला असतो कारण त्याचं मीटर चालूच असतं ना. 30 हजारावर महिन्याला 900, म्हणजे वर्षाला 10,800 नुसतं व्याज, मुद्दल आहे तिथंच!

पण त्याच्याही आधी रब्बी. 20 हजार त्यासाठीच आलेत आणि वाफसा काही तुमच्यासाठी थांबणार नाही. हरभरा करणार असाल आणि घरचं बियाणं असेल तर नवीन बॅग घेऊ नका. 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, रोज पाणी शिंपडा, चार-पाच दिवसांनी मोजा. 85 च्या आसपास उगवले तर बिनधास्त पेरा, 70 च्या वर असतील तर एकरी थोडं जास्त टाका, त्याच्याही खाली असेल तर मग विकत घ्यावंच लागेल. बियाण्याला ट्रायकोडर्मा (मर रोखणारी उपयोगी बुरशी) आणि रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) चोळायला विसरू नका, यंदा इतकं पाणी साचलेल्या रानात मर रोगाची भीती जास्त. डीएपी खत एकरी एक बॅग, 1,350 ची, म्हणजे 5 एकराला 6,750. ट्रॅक्टरची पेरणी, एखाद-दोन फवारण्या धरून 15 हजार बाजूला काढा, आणि माल रोखीनं घ्या. उधारीत भाव वेगळा लागतो आणि वर पिकलेला माल त्याच्याच आडतीवर घाला म्हणतात ते वेगळंच.

उरले 22. त्यातले 12 हजार शेकडा 3 वाल्याला, पण मुद्दलात जमा असं लिहून सही घेऊनच द्या, नाहीतर तो मागच्या व्याजात वळते करेल. एवढ्यानं महिन्याचे 360 वाचतील. त्याच्याकडे परवाना आहे का तेही विचारा, कारण परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला 12 टक्क्यांच्या वर घेता येत नाही आणि तुमचे चाललेत 36. परवाना नसेल तर तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते, गावात राहून ते किती जड जातं हे मला कळतं, तरी माहीत असू द्या.

दुकानदाराला 5 हजार द्या, पक्कं बिल मागा आणि बाकी हरभऱ्यावर असं मालकांनीच समोर बसून सांगावं, फोनवर नको. राहिलेले 5 हजार तुमच्या स्वतःच्या खात्यावर टाका, दवाखाना-किराण्यासाठी.

बँकेला यातून काहीच देऊ नका. 2025 च्या अतिवृष्टीच्या भागात शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती दिलीय, फक्त शाखेत जाऊन पुनर्गठनाचं, म्हणजे कर्जाचे हप्ते नव्यानं बांधून घ्यायचं, विचारून या. पोरं शिकत असतील तर परीक्षा फीची माफीपण आहे, शाळा-कॉलेज आपणहून सांगेलच असं नाही.

प्रश्न : अनुदान जमा झाल्याचा मेसेज आला पण बँकेनं खात्याला होल्ड लावलाय, कर्ज थकीत आहे म्हणून. असं करता येतं का?

उत्तर : नाही. मदतीच्या रकमेतून वसुली करू नये असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. तोंडी भांडू नका, त्यानं काही होत नाही. शाखाधिकाऱ्याच्या नावानं अर्ज लिहा, पासबुकची एन्ट्री जोडा, पोच घ्या, आणि त्याच अर्जाची प्रत तहसीलला द्या. चार-पाच जणांचं असंच अडकलं असेल तर एकत्रच जा, एकट्या माणसाला उद्या या म्हणून कटवतात.