झेनोपस बेडकातील ‘एचएसपीडी१.एल’ या जनुकाच्या नावाचा अर्थ काय, आणि ते फक्त उष्णतेतच काम करते का?

आपल्या प्रश्नातील घोळ मला परिचयाचा आहे. साताऱ्यात पदवीच्या वर्गांना प्राणिशास्त्र शिकवताना दर वर्षी कोणीतरी हेच विचारते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी ‘एल’विषयी. झेनोपस लेव्हिस हा आफ्रिकी बेडूक दोन वेगळ्या पूर्वज जातींच्या संकरातून निर्माण झाला असल्यामुळे त्याच्या अनेक जनुकांच्या दोन-दोन जोड्या आहेत. त्याची गुणसूत्रे ३६, तर त्याच्या नात्यातील झेनोपस ट्रॉपिकॅलिसची २०. एका पूर्वजाकडून आलेली गुणसूत्रे लांब, दुसऱ्याकडून आलेली आखूड. म्हणून ‘लाँग’चा एल आणि ‘शॉर्ट’चा एस. माणसाच्या जनुकाचे चिन्ह मोठ्या रोमन अक्षरांत लिहितात, बेडकाचे लहान अक्षरांत.

‘एचएसपी’ म्हणजे उष्मा-आघात प्रथिन (हीट शॉक प्रोटीन), ‘डी’ हे कुल आणि १ हा त्यातील क्रमांक. आपल्याकडच्या कोयना भेकाच्या नावावरून तो कोठे सापडला एवढेच कळते, तो कसा जगतो ते कळत नाही. तसेच ‘उष्मा-आघात’ या शब्दांतून या प्रथिनांचा शोध कसा लागला एवढेच कळते. फेरुचो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला फळमाशीच्या अळ्या जास्त तापमानात राहिल्यावर त्यांच्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले, ते त्याने १९६२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि पुढे त्यातूनच हे नाव रूढ झाले.

प्रत्यक्षात एचएसपीडी१चे काम तंतुकणिकेत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियात, बाराही महिने चालते. प्राण्यांच्या तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएमध्ये केवळ १३ प्रथिनांची माहिती असते. बाकीची शेकडो प्रथिने बाहेर पेशीद्रवात तयार होतात आणि घडी उलगडलेल्या धाग्यासारखी पटलांतून आत ओढली जातात. त्यांपैकी कित्येकांना आत पोचल्यावर योग्य घडी पडावी लागते, म्हणजे कामाचा आकार यावा लागतो. एचएसपीडी१पासून बनणारे प्रथिन सात-सात रेणूंची कडी तयार करते. त्या पोकळीत धागा शिरतो, एचएसपीई१ या दुसऱ्या जनुकाचे प्रथिन झाकणासारखे वर बसते, आणि एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या ऊर्जेवर घडी पडते. घडी बिघडलेली प्रथिने तंतुकणिकेत साचू लागली की केंद्रकाला संदेश जातो आणि या जनुकाचे काम वाढते. हा प्रतिसाद सस्तन प्राण्यांच्या पेशींमध्ये २००२ मध्ये स्पष्टपणे दाखवला गेला.

उष्णता हे घडी बिघडण्याचे एक कारण आहेच. पावसाने उघडीप दिली की कासच्या सड्यावर, जांभ्याच्या खळग्यातील ओंजळभर पाण्यात बोट घालून पाहावे: भर दुपारी ते कोमट लागते, आणि त्यातल्या बेडूकमाशाचे शरीरही तेवढेच तापलेले असते, कारण त्याला स्वतःचे तापमान राखता येत नाही. ऑक्सिजनची कमतरता किंवा विषारी द्रव्ये यांमुळेही असाच ताण येतो.

जुने लेख शोधताना मात्र ‘एचएसपी६०’ हे नावही वापरावे. सुमारे ६० किलोडाल्टन (रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) वजनावरून पडलेले तेच या प्रथिनाचे आधीचे नाव आहे.