खुनी आधीच कळला तर?

प्रश्न : ताई, परवा भर पावसात म्हापशाहून पणजीला जाऊन सूडाचा एक सायकॉलॉजिकल थ्रिलर बघितला, इंटरव्हलच्या आधीच खुनी कळला, मग नुसते फ्लॅशबॅक, सगळा सस्पेन्सच गेला. असं का होतं?

उत्तर : खुनी लवकर कळला म्हणून नाही हो. सस्पेन्सपटांसाठी प्रसिद्ध दिग्दर्शक हिचकॉकने १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला समजावलेलं, टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल तर साध्या गप्पाही पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात, अचानक फुटला तर दचकणं पंधरा सेकंदांचंच. सूडकथेत खरी धाकधूक 'हा खरंच मारेल का, आणि मारल्यावर याचं काय होईल' हीच असते, फ्लॅशबॅकनी तीच मारून टाकली. एवढा चांगला विषय वाया गेला की मला फार वाईट वाटतं.