मेंढी एकाच बाजूला गरगर फिरते, त्यात राखणीच्या कुत्र्याचा काय संबंध?

आपण विचारले आहे की, वाड्यातील वर्षभराची मेंढी पंधरा दिवसांपासून मान तिरकी करून डावीकडेच फिरते, तिला जंताचे औषध पाजूनही गुण आलेला नाही, आणि हा रोग कुत्र्यामुळे होतो असे कोणी सांगितल्यामुळे राखणीचा कुत्रा सोडून द्यावा काय. मी बीड जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून काम करतो. आपण कुत्रा ठेवावा. मेंढीचे मुंडके त्याच्यापुढे टाकणे मात्र आजपासून बंद करावे.

आपल्या वर्णनावरून हा गिड रोग दिसतो. टीनिया मल्टिसेप्स नावाचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो, आणि कुत्रा वरून ठणठणीत दिसत असला तरी त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी चराईवर पडत राहतात. गवताबरोबर ती मेंढीच्या पोटात गेली की अळी आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे मेंदूत पोहोचते व तेथे काही महिन्यांत पाण्याने भरलेली पिशवी वाढते. अशा मेंढीची कवटी उघडल्यावर लिंबाएवढी, पातळ पापुद्र्याची पिशवी हाती लागते, आणि तिच्या आतल्या बाजूस बारीक पांढऱ्या दाण्यांचे पुंजके चिकटलेले दिसतात. त्यातील प्रत्येक दाणा म्हणजे एका कृमीचे डोके असते. हा मेंदू कुत्र्याने खाल्ला की सुमारे दीड महिन्यात त्याच्या विष्ठेतून पुन्हा अंडी पडू लागतात. मेंढीपासून मेंढीला हा रोग लागत नाही.

म्हणून औषध कुत्र्याला हवे. प्राझिक्वांटेल, दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम या प्रमाणात, दर दीड-दोन महिन्यांनी, आपल्या पशुवैद्यकाकडून वजन करून द्यावे. त्याने कृमी मरतो, परंतु अंडी मरत नाहीत. त्यामुळे पुढील दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवावा आणि त्याची विष्ठा जाळावी. फुप्फुस आणि यकृतही कच्चे घालू नये, कारण त्यांतील गाठींमधून दुसरा एक पट्टकृमी कुत्र्यात येतो आणि त्याची अंडी माणसालाही बाधतात. लेकरे कुत्र्याशी खेळून तशीच भाकरीला बसतात, हे मी वाड्यावाड्यांवर पाहतो आणि मला त्याची फार काळजी वाटते. हात धुतल्याशिवाय त्यांना जेवू देऊ नका.

या मेंढीबाबत उशीर करू नका. ताप असेल किंवा एका बाजूचा कान व ओठ लोंबत असेल, तर आजार वेगळा असू शकतो आणि त्याला तातडीने उपचार लागतात. शिंगामागच्या भागात अंगठ्याने हलके दाबून पाहा; पिशवी वर आलेली असल्यास तेथील हाड कधीकधी मऊ लागते. अशी पिशवी शस्त्रक्रियेने काढता येते, त्यासाठी परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. मेंढी कापावीच लागली, तर मुंडके जाळून टाकावे, नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही इतके खोल पुरून वर दगड ठेवावेत.