मावशीला विचारा : आधी वाघ की आधी पाळणा?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पाककृतींची पत्रं कमी होतात आणि सहलीची वाढतात. या वेळी गंमत म्हणजे निम्म्या पत्रांत प्राणी आणि पाळणे हातात हात घालून आलेत. त्यातली चार घेतली आहेत. पहिल्याला उत्तर लांबलंय, कारण तसलं घर मला गल्लीगल्लीत दिसतं.

प्रश्न : मावशी, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. मुलाला वाघ बघायचाय, धाकटीला हत्तीच्या पाळण्यात बसायचंय. ह्यांचं म्हणणं, पहाटे गाडी काढू, पुणं नाहीतर हैदराबाद गाठू, प्राणी बघू, पाळण्यात बसू आणि रात्री परत. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या म्हणतात, "मी कशाला, तुम्ही जावा की." काय करावं?

उत्तर : "सगळं बघून रात्री परत" असं म्हणणारा माणूस गाडी चालवणार असतो, मागच्या सीटवर मुलं सांभाळणार नसतो. पुणं अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या वर. म्हणजे जाऊन-येऊन नऊ-दहा तास तर गाडीतच गेले. धाकटीला पाळणा आठवणार नाही, उलटी आठवेल. एक रात्र मुक्काम करा. तो जमत नसेल तर बेतच बदला, तास ओढूनताणून बसवू नका.

प्राणी आणि पाळणे एकाच कुंपणात, अशा बागा परदेशात पुष्कळ आहेत. फ्लोरिडात डिस्नेची ॲनिमल किंगडम १९९८ साली सुरू झाली. लंडनजवळचं चेसिंग्टन तर १९३१ साली निव्वळ प्राणिसंग्रहालय म्हणून उघडलं होतं, मोठे पाळणे तिथं पुष्कळ वर्षांनी आले. मुलांनी मोबाइलवर त्यांचेच व्हिडिओ बघितलेले असतात, म्हणून "दोन्ही पाहिजे" हा हट्ट. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वाघ एका टोकाला आणि पाळणे शहराच्या दुसऱ्या टोकाला. एका दिवसात दोन्ही करायला गेलात तर अर्धा दिवस सिग्नलवर जाईल.

म्हणून माझं ऐकाल तर सुट्टीत फक्त प्राणी बघा. पाळण्यांसाठी आपला गड्डा आहे की! जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा भरली की होम मैदानावर हत्ती, घोडे, बदकं, ड्रॅगन, पाहिजे त्या आकाराचे पाळणे उभे राहतात. धाकटीला दोन-तीन महिने वाट बघू दे. जुळे सोलापुरातून रिक्षानं जाता येतं, कंटाळली की तासाभरात घरी. त्यासाठी हैदराबादचं पेट्रोल कशाला?

आता वाघ. पुण्यात कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे, एकशे तीस एकरांचं. ते बुधवारी बंद असतं. हैदराबादचं नेहरू प्राणिसंग्रहालय १९६३ सालचं, तीनशे ऐंशी एकर, सोमवारी बंद. हे वार आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. कुटुंबच्या कुटुंब नव्या कपड्यांत कुलूपबंद गेटसमोर उभं राहिल्याचे किस्से मला दर दिवाळीनंतर ऐकायला मिळतात. माझा कौल हैदराबादला. झाडी जुनी आहे, सावली भरपूर आहे आणि बॅटरीवरची गाडी मिळते.

गेट उघडताना हजर राहा. वाघ-सिंह दिवसाचे पंधरा-सोळा तास सहज झोपतात. हालचाल करतात ती सकाळी गारव्यात नाहीतर संध्याकाळी. अकरा वाजता गेलात तर मुलाला पट्टेदार पाठ तेवढी दिसेल. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. सहलीहून आल्यावर मुलींना वाघ काढायला सांगितला की झाडून सगळ्या डोळे वटारलेला, जीभ बाहेर काढलेला वाघ काढायच्या. बघितलेला असायचा तो चारी पाय वर करून झोपलेला. तर मुलाला आधीच सांगून ठेवा, की झोपलेला वाघ हाही वाघच. खडे मारून, शिट्या घालून त्याला उठवणारे काका तिथं हमखास भेटतात, त्यांच्या नादी लागायचं नाही. आणखी एक गोष्ट सांगा, त्याला आवडेल. पुष्कळ प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपास घालतात. जंगलात कुठं रोज शिकार मिळते? आजीच्या चतुर्थीसारखाच, फक्त वाघाला साबुदाणा नाही.

यादीतल्या सगळ्या प्राण्यांवर टिकमार्क करत पळू नका. चार ठिकाणं निवडा आणि तिथं बसा. हत्तीपाशी तर बसाच. त्याला गवताची पेंढी टाकलेली असते. तो सोंडेनं मुळासकट जुडी उचलतो, पुढच्या पायावर दोनतीनदा आपटतो, माती झडली की मगच तोंडात घालतो. बाजारातून आणलेली मेथी आपण झटकतो ना, अगदी तसं. आपल्या हत्तीच्या सोंडेच्या टोकाला वरच्या बाजूला एकच बोट असतं, आफ्रिकेतल्याला दोन असतात. मुलाला ते बोट शोधायला लावा. पंधरा मिनिटं आरामात जातात आणि तेवढ्यात मोठ्यांचे पायही विश्रांती घेतात.

सासूबाईंना मागं ठेवू नका. "तुम्ही जावा की" याचा अर्थ "मला एकदा नीट विचारा" असाही असतो. सकाळी पोचल्याबरोबर बॅटरीच्या गाडीचं विचारा, मग पाय दुखायच्या आत सगळं बघून होतं. मात्र त्यांना बाकावर बसवून सहा पिशव्यांच्या राखणदार करू नका. पिशव्या ह्यांनी उचलायच्या. रात्री परत यायचा बेत ज्याचा होता, त्याच्या अंगात ताकद असणारच.

डब्याला कडक भाकरी, शेंगाची चटणी, वेगळ्या डब्यात घट्ट दही. कडक भाकरी प्रवासात मोडत नाही म्हणतात ते खोटं. मोडते, चुरा होतो. तो दह्यात कालवून चटणीबरोबर खायचा, धाकटी पोटभर खाईल. प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्यांवर गेटवर हरकत घेतात, स्टीलचं न्या.

प्रश्न : मी विडी घरकुलची. उन्हाळ्यात एका पार्कमध्ये गेलो होतो. तिथं अस्वलाचा पोशाख घातलेल्या माणसानं माझ्या पाच वर्षांच्या मुलीला फोटोसाठी जवळ घेतलं. ती किंचाळली, तासभर रडली. दीर अजून तिला "भित्री भागूबाई" म्हणून चिडवतात. आता कुठंही निघालो की तिचा पहिला प्रश्न, "तिथं अस्वल असतंय का?" यंदा गड्ड्याला न्यायचं की नाही?

उत्तर : न्यायचं. दिरांना घरी ठेवा, हवं तर.

चेष्टा सोडा, पण मुलगी भित्री नाही. इतक्या लहान वयात मूल समोरच्याचा चेहरा वाचून ठरवतं की हा रागावलाय की हसतोय. त्या अस्वलाचा चेहरा हलत नाही. डोळे मिटत नाहीत, ओठ हलत नाहीत, डोकं मोठ्या हंड्याएवढं, आणि ते चालत अंगावर येतंय. आवाजही नाही. तुम्ही-आम्ही हसतो कारण आत माणूस आहे हे आपल्याला ठाऊक असतं. खऱ्या अस्वलापाशी ती अशी रडली नसती. ते खंदकापलीकडं असतं आणि मिठी मारायला येत नाही.

त्या माणसाचीही बाजू सांगते. त्याला बहुधा अस्वलाच्या तोंडातल्या जाळीतून, नाहीतर मानेजवळच्या फटीतून दिसतं. पायाजवळचं लहान मूल त्याला धड दिसतही नाही. वर आपला उन्हाळा. आत तो घामानं निथळत असतो. मुद्दाम कुणी घाबरवलेलं नसतं, पालकांनीच पुढं ढकललेलं असतं, फोटो पाहिजे म्हणून.

घरी एक करा. पुठ्ठ्याचा साधा मुखवटा बनवा, तिच्या हातानं रंगवू दे. आधी तिनं घालायचा आणि आरशात बघायचं. मग बाबांनी तिच्यासमोर घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा. आतला माणूस बदलत नाही, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे, नुसतं सांगून पटत नाही. गड्ड्यात असं कुणी दिसलंच तर लांबून हात हलवा. ती म्हणाली "अजून लांबून", तर अजून लांबून. अस्वल जवळ येऊ लागलं तर तळहात दाखवून "नको" म्हणायला शिकवा, आणि तिनं ते म्हटल्यावर तुम्ही तिच्या बाजूनं उभ्या राहा. फोटो राहू दे. कपाटात आणखी एक रडका फोटो कशाला पाहिजे?

प्रश्न : आमच्या लहानपणी सर्कशीत वाघ-सिंह बघितले. नातवाला सांगतो तर त्याला पटत नाही. आता सर्कस बघावी तर नुसत्या कसरती. जनावरं का बंद केली? सोलापुरात नातवाला दाखवण्यासारखं काही उरलंय का? (एक आजोबा, बाळीवेस)

उत्तर : आजोबा, नातवाला सांगा की भारतातली पहिली मोठी सर्कस उभी केली ती मराठी माणसानं, विष्णुपंत छत्र्यांनी, १८८० साली. तेव्हा तुमचा अभिमान रास्त आहे. पण वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल आणि माकड यांना खेळात वापरायला केंद्र सरकारनं १९९८ साली बंदी घातली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. जळत्या कड्यातून उडी मारणारा वाघ आपण टाळ्या वाजवून बघितला खरा. तो आगीला भीत असणार, आणि तरी का उडी मारत होता, हे तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नाही.

दाखवण्यासारखं मात्र दारात आहे. बार्शीच्या बाजूला वीसेक किलोमीटरवर नान्नज. माळढोकासाठीचं अभयारण्य म्हणून १९७९ पासून त्याचं नाव आहे. माळढोक दिसेल असा भरवसा मी देणार नाही, तो पक्षी आता फार विरळ झालाय. काळवीट मात्र दिसतात, कळपानं. नर मोठा होत जातो तशी त्याची पाठ काळी होत जाते आणि शिंगांना पीळ पडत जातो. माद्या आणि पिल्लं तांबूस, माद्यांना बहुधा शिंगं नसतात. नातवाला कळपातला सगळ्यात काळा नर ओळखायला सांगा. गाडीचा आवाज आला की एखादं काळवीट चारी पायांवर हवेत उसळतं आणि मागोमाग सगळा कळप उसळतो. तिकीट काढून बघितलेली कोणतीच उडी त्याच्या जवळपास येत नाही. लांडगा आणि खोकडही त्याच माळावर राहतात, नशीब असेल तर.

वनखात्याच्या लोकांना आधी विचारून, सूर्य उगवायच्या सुमाराला पोचा. अंगात भडक कपडे नकोत. दुर्बीण शेजाऱ्यांकडून मागून घ्या. पाळणे नाहीत, भेळ नाही, सावलीसुद्धा बेताचीच. नऊच्या पुढं थांबू नका.

प्रश्न : प्राण्यांना केळं, बिस्किट दिलं तर बिघडलं कुठं? मुलांना तेवढाच आनंद. (नवी पेठ)

उत्तर : बिघडतं. प्रत्येक जनावराचं खाणं तिथले लोक मोजून-मापून देतात, त्यात दिवसभर शेकडो लोकांची बिस्किटं पडली की पोट बिघडतं, आणि जनावराला कुंपणापाशी हात पसरायची सवय लागते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना खायला घालणं, छेडणं हा गुन्हाही आहे. मुलांना फारच हौस असेल तर गेटबाहेर पडल्यावर केळं त्यांनाच द्या. साल डब्यात.